लांब शेपटीची खूण

१

दुकान उघडलं की शेठ शटर आधी अर्ध्यावरच ठेवायचे. पूर्ण उघडलं की गिऱ्हाईक आत येतं, आणि गिऱ्हाईक आत आलं की हत्यारं मनासारखी मांडून होत नाहीत, हा त्यांचा अनुभव. मांडणी डावीकडून सुरू व्हायची. छंदाच्या छोट्या प्लास्टिक पुतळ्यांचे सुटे भाग चौकटीतून कापून काढायचे चपटे कटर, मग खरवडायची पाती, मग बारीक कानशी: चपट्या, गोल, त्रिकोणी आणि एक उंदराच्या शेपटीसारखी. त्यानंतर घासकागद चिकटवलेल्या पट्ट्या, फटी बुजवायची लांबी आणि शेवटी धूळ झटकायचे मऊ ब्रश. ज्या क्रमानं काम, त्याच क्रमानं माल. रंगाची मात्र एक बाटलीसुद्धा दुकानात सापडायची नाही.

"रंग नाही ठेवत?" नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं.

"रंग ठेवणारे पुष्कळ आहेत हो. मी रंगाच्या आधीचं विकतो."

बोटभर उंचीचे ते पुतळे, म्हणजे शिपाई, घोडेस्वार, पंखवाले राक्षस, झालंच तर कंदील धरून उभी असलेली म्हातारी, साच्यातून निघतात तेव्हा दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर केसाएवढी शिवण राहते. कच्च्या पुतळ्यावर ती कोणाला दिसत नाही. रंग चढला, की मग शिपायाच्या नाकावरून गालावर उतरलेली रेघ अख्ख्या खोलीला दिसते. रात्र-रात्र जागून रंगवणारी माणसं ती रेघ बघून कशी हिरमुसतात, हे शेठनी पाहिलं होतं आणि त्या हिरमुसण्यावरच त्यांचा धंदा उभा होता.

ते कुठे शिकायला गेले नव्हते. मूळ दुकान खिळे-बिजागऱ्यांचं. एकदा घाऊक व्यापाऱ्यानं चुकून मोठ्या कानशींच्या जागी नाजूक कानशींची पेटी पाठवली. परत धाडायचा कंटाळा, म्हणून शेठनी ती काचेत मांडली, तर समोरचे दातांचे डॉक्टर येऊन निम्म्या उचलून घेऊन गेले. "दातांना लावणार की काय?" शेठनी घाबरून विचारलं होतं. डॉक्टर लाजून म्हणाले होते, "नाही हो, मला घोडेस्वारांचा नाद आहे." तिथून पुढे पेटीमागून पेटी येत गेली आणि खिळे मागच्या फळीवर गेले.

रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. नादी माणसं आपापले साफ केलेले पुतळे आणायची. शेठ पुतळा हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत फिरवायचे. नख जिथे अडेल तिथे कानामागची मऊ पेन्सिल काढून खूण. खूण त्यांची ठरलेली: स्वल्पविरामासारखी, फक्त शेपूट लांब आणि उजवीकडे वळलेली. खूण करून पुतळा परत द्यायचा. स्वतः कानस लावायची नाही. खूण करणारा घासणार नाही आणि घासणारा खूण करणार नाही, हा वर्गाचा नियम होता.

"का हो शेठ? हात दुखतो का?" डॉक्टर चिडवायचे.

"आपलं आपण घासलं की माणूस स्वतःला माफ करत सुटतो, डॉक्टर. दुसऱ्यानं दाखवलेलं कसं, टोचतं. आणि टोचलं की निघतं."

सगळे हसायचे. शेठच्या किश्शामागून किस्सा निघायचा आणि वर्ग दुपारपर्यंत लांबायचा.

२

घर दुकानाच्या पाठीलाच होतं. मधल्या दाराला कडी होती, पण ती लावलेली कोणी पाहिली नव्हती.

बायको लहानपणची शेजारीण. लग्न झालं तरी तिच्या तोंडात "अहो" काही बसलं नाही. सासूबाईंनी जंग जंग पछाडलं. शेवटी शेठच आईला म्हणाले होते, "हिनं मला भोवऱ्यावरून बदडलंय गं. आता अहो कुठल्या तोंडानं म्हणेल?"

दिसायला ती सरळसोट नव्हती. लहानपणी फाटकाच्या कडीवर आपटल्यामुळे डावी भुवई मधोमध तुटलेली, तुटल्या जागी पांढरा व्रण. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. मनगटावर इस्त्रीचा चट्टा. आवाज घोगरा, भाजीवाल्याशी बोलली तरी भांडतेय असं वाटावं. आणि हसणं म्हणजे कोरडा हातपंप: आधी नुसती खडखड, मग नाकातून एक दांडगं घर्र, आणि एकदा लागलं की थांबायचं नाव नाही. शेवटी उचकी. शेठनी आयुष्यभर जेवढे किस्से जमवले, ते खरं सांगायचं तर हा पंप चालू करण्यासाठी.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती चहा घेऊन मागच्या खोलीत आली. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर तिरपं पडलं होतं. शेठच्या हातात पेन्सिल होती, डोळ्यांत सकाळभर रेघा शोधल्याची गुंगी होती.

"थांब. हलू नकोस."

"का? पाल आहे का अंगावर?"

शेठनी तिची हनुवटी धरली, भुवईवरून नख फिरवलं आणि व्रणाशेजारी खूण केली. लांब शेपटीची.

"हे राहिलंय."

"काय राहिलंय?"

"शिवण. घासायची राहिली तुझी."

"अस्सं होय!" तिनं कप ठेवला आणि त्यांच्या पोटाकडे बघितलं. "मग ह्याचं काय रे करायचं? ह्याला तर तुझा सगळ्यात मोठा कटर लागेल."

आणि पंप सुरू झाला. शेठही हसले. खूण पुसायची कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशापुढे केस विंचरत होती. शेठ दात घासत दारात आले आणि ब्रश तोंडातच राहिला. भुवई अखंड होती. व्रण नव्हता. तुटल्या जागी केस होते, आजूबाजूच्या केसांसारखेच, एकाच दिशेनं बसवल्यासारखे. पेन्सिलची खूणही गेलेली.

उशीच्या अभ्र्यावर पिठाएवढी बारीक, पांढुरकी धूळ पडली होती. शेठनी बोटावर घेऊन चोळून बघितली. ही धूळ त्यांना चांगली ओळखीची होती. त्यांचं सगळं दुकान तिनंच माखलेलं असायचं. म्हणूनच त्यांनी स्वतःला समजावलं, की आपल्याच कपड्यांवरून आली असणार.

३

"होतं असं," दातांचे डॉक्टर म्हणाले. "वय वाढतं, कातडी सैल पडते, जुने व्रण मिटतात. नवं काही लावतात का त्या?"

"एक क्रीम आणलंय म्हणे."

"मग झालं तर! नाव विचारून ठेवा. माझ्याही बायकोला सांगतो."

बायको खुशीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला भुवई दाखवत होती. शेठनी मान डोलावली आणि पेन्सिल कानामागे ठेवायच्याऐवजी गल्ल्यात टाकली. का टाकली, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात जेवताना ती वाढत होती. हात पुढे आला आणि बांगड्या मागे सरकल्या. इस्त्रीच्या चट्ट्याला लागून खूण होती. स्वल्पविराम, लांब शेपूट, उजवीकडे वळण.

"हे कधी केलं?" शेठनी विचारलं.

"काय?" तिनं मनगट उलटसुलट केलं. "मला काय विचारतोस? तुझीच चित्रकला. झोपेत पण दुकान चालू असतं वाटतं तुझं."

शेठ तिच्याबरोबर हसल्यासारखं हसले. पेन्सिल गल्ल्यात होती आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्या कमरेला. पण माणूस झोपेत काय काय करतो. त्यांचा एक काका झोपेत उठून शेजाऱ्याची सायकल पुसून ठेवायचा. हा किस्सा त्यांनी स्वतःला पुन्हा सांगितला. एरवी हसू यायचं, या वेळी आलं नाही.

सकाळी मनगट गुळगुळीत होतं. बांगड्यांच्या कडांवर धूळ होती.

या वेळी बायकोनं कोणाला दाखवलं नाही. मनगटावरून अंगठा फिरवत ती बराच वेळ खिडकीशी बसली होती. "क्रीम मी तोंडाला लावते," ती हळूच म्हणाली. "हाताला कुठे लावलं होतं?"

४

खोडरबर ही शेठनी कधी विकलेली वस्तू नव्हती. आता एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचं.

ते तिला उजेडात गाठायला लागले. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, काहीतरी निमित्त काढून मान, कोपरे, कानांच्या मागची जागा नजरेखालून घालायचे. तिचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा बाहेर आलेला होता. एका दुपारी त्या कानाच्या पाळीवर त्यांना खूण सापडली. त्यांनी ती रबरानं खसाखस पुसली.

"अरे, काय चाललंय? कान आहे तो, फळा नाही!"

"शाई लागली होती."

"लग्न झालं तेव्हा एवढं बघितलं नाहीस कधी." ती बोलत होती दटावून, पण खूश झाली होती.

दुसऱ्या दिवशी कान जिथल्या तिथे होता, तसाच बाहेर आलेला. शेठना इतकं हायसं वाटलं, की पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी पट्ट्यांचा जुडगा फुकट दिला. खूण वेळेत पुसली की पुढचं टळतं, एवढं तरी कळलं होतं. कोण आणि का, ते विचारायला त्यांच्या मनाची तयारी नव्हती. हिशेबी माणसानं आधी नुकसान थांबवावं.

मग त्यांनी एक शक्कल लढवली. धंद्यातली जुनी युक्ती: गिऱ्हाईक एकाच वस्तूवर अडून बसलं, की त्याच्यापुढे पन्नास वस्तू मांडायच्या. त्यांनी पेन्सिल काढली आणि घरभर खुणा केल्या. टेबलाच्या टवक्यावर, कपाच्या तुटक्या कानावर, भिंतीच्या पोपड्यांवर, फरशीच्या भेगेवर, स्वतःच्या मानेवरच्या चामखिळीवर. घ्या, काय घासायचं ते घासा. बायको माहेरच्या लग्नाची साडी आणायला गेली होती. आल्यावर म्हणाली, "घर मोजायला कोणी आलं होतं का रे?"

सकाळी सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. टवका तसाच, भेग तशीच, चामखीळ तशीच. फक्त बायकोच्या खांद्यावरचा तीळ गेला होता, आणि तिथे खूण असेल असं शेठच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी रविवारचा वर्ग बंद केला. कानशी, पाती, पट्ट्या, ब्रश सगळं खोक्यांत भरून दुकानाच्या माळ्यावर टाकलं आणि काचेत पुन्हा खिळे मांडले. गिऱ्हाइकं येऊन बुचकळ्यात पडून परत जायला लागली.

आणि तसल्याच एका रिकाम्या दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना मधल्या दारापलीकडून आवाज आला. खर्र. थोडं थांबून पुन्हा, खर्र. कानस एकाच दिशेनं ओढायची, मागे आणताना उचलून घ्यायची, हे ते स्वतः वर्गाला शिकवत आले होते. शिकलेल्या हाताचा आवाज होता तो. घाई नव्हती त्यात. मधेच फुंकर मारल्यासारखं, मग पुन्हा खर्र.

शेठ उठले. दार लोटलेलं होतं. त्यांनी हात लावला आणि आवाज थांबला.

बायको कॉटवर कुशीवर झोपली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, लपायला जागाही नव्हती. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि अगदी सावकाश तिच्या अंगावर बसत होती. कॉटच्या या बाजूला, जिथे कोणी बसलं असतं तर त्याचे गुडघे आले असते, तिथे तेवढ्याच जागेत धूळ नव्हती.

५

दाताचं कळायला शेठना उशीर झाला. ओठाच्या आतली जागा कोण बघतं?

नाश्ता करताना तिनं तोंड उघडलं आणि पुढचे दात एका ओळीत होते. शेठनी तिला तसंच हाताला धरून समोर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा आत घातला. शेठ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. क्रीम, वय, कातडी, काहीही सांगा, पण काहीतरी सांगा.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि तो पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"शेठ, जरा इकडे या." बाहेरच्या खोलीत आल्यावर ते दबक्या आवाजात म्हणाले, "हा दात मी बघितलेला आहे. त्याची मुळं वाकडी होती. तार लावली असती तरी दोन वर्षं गेली असती."

"मग?"

"मग काय? मला विचारू नका." त्यांनी दाराकडे बघितलं. "आणखी एक. दातांवर रोजच्या वापराच्या बारीक झिजा असतात, चरे असतात. प्रत्येकाच्या असतात. यांच्या नाहीत. एकही नाही. कोणी... पूर्ण केल्यासारखं आहे काम."

शेठनी आत जाऊन बायकोला उठवलं. ते निघाले तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "पुतळ्यांच्या कानशी तुम्ही माळ्यावरच ठेवल्यात ना?" त्यानंतर ते दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या कडेनं जायचे.

घरी येताना भाजीवाल्यानं तिला दोन किडकी वांगी घातली. शेठनी पाहिलं, तिनंही पाहिलं. एरवी या दोन वांग्यांवरून गल्ली गोळा झाली असती. तिनं पिशवी मिटली आणि पुढे चालायला लागली.

"वांगी किडकी होती," शेठ म्हणाले.

"असू द्या," ती म्हणाली. आवाजातला घोगरेपणा गेला होता. चांगला, स्वच्छ आवाज, रेडिओवर बातम्या देतात तसा. "चला ना. तुम्हाला दुकान उघडायचं असेल."

शेठ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तिनं वळून, मान कलती करून, त्यांची वाट बघितली. तिच्या गळ्याशी खूण शोधत त्यांचे डोळे वेड्यासारखे फिरले. काही नव्हतं. ते काम होऊनही गेलं होतं.

६

काय उरलं आहे, याची शेठ मनात उजळणी करायचे. बाहेर आलेला कान होता. आणि हसणं होतं. असावं. बरेच दिवस ती हसली नव्हती, म्हणून कोणाच्या कानावर पडलं नव्हतं, म्हणून राहिलं असावं.

हे एकदा सुचलं आणि शेठनी बोलणं सोडलं. किस्से तर सोडलेच. जेवताना खाली मान घालून जेवायचे. दुकानात कोणी गंमत सांगायला लागलं तर बोट ओठांवर ठेवून आतल्या दाराकडे खूण करायचे, जसं काही आत कोणी आजारी आहे. हसणं दडवायचं, एवढा एकच माल वाचवायचा होता. बाकी दुकान लुटलं गेलं तरी चालेल.

मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, आला तर त्यालाही त्यांनी बाहेरच्या बाहेर चहा पाजून वाटेला लावलं. मेहुणा म्हणजे चालता-बोलता तमाशा. त्याच्या समोर दगडसुद्धा हसायचा.

"दादा येऊन गेला?" तिनं विचारलं.

"हो. घाईत होता."

तिनं बाहेरच्या दाराकडे बघितलं. मग त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही आजकाल."

"बोलतो की."

"मीठ द्या, दार लावा, एवढंच." ती साडीचा काठ बोटांत पिळत होती. "आधी मला वाटलं, मी चांगली दिसायला लागले म्हणून तुम्हाला बरं वाटेल. मग वाटलं, वाईट वाटतंय. आता तर काही कळतच नाही. माझं मलाच कधी कधी..." ती थांबली. शब्द शोधत होती आणि सापडत नव्हता, आणि न सापडल्याचा रागही तिला येत नव्हता. "तुम्ही मला हसवायचात. मला आठवतंय. शेवटचं कधी हसवलंत?"

शेठना खिशातलं रबर मुठीत दाबून धरावं लागलं.

"उद्या मी दादाकडे जाते," ती म्हणाली. "तिकडे जरा बरं वाटेल."

शेठ त्या दिवशी गल्ल्यावर बसले, पण खिळे मागितले तर स्क्रू देत होते. जाऊ द्यावं का हिला? इथून लांब गेली तर कदाचित सुटेल. पण शेपटीची ती खूण त्यांच्या दुकानातून थोडीच येत होती; पेन्सिल तर केव्हाच मोडून टाकलेली. आणि मेहुण्याच्या घरी पाऊल टाकल्या टाकल्या तो तिला हसवणार. ती खो-खो हसेल, आणि शेजारी रबर घेऊन बसलेलं कोणी नसेल. दुसऱ्या सकाळी तिथली माणसं म्हणतील, ताई किती छान हसायला लागली.

ठेवून घ्यावं, तर ती न हसता राहणार. म्हणजे हसणं वाचणार, पण कोणासाठी? कुलपात ठेवलेल्या मालाला माल म्हणत नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती मधल्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. मेहुणा गाडी घेऊन यायचा होता. सगळ्या खोलीत लख्ख ऊन होतं. शेठ दुकानातून आत आले, दार लोटलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कडी घातली. तिच्यासमोर फरशीवरच बसले.

"तुला बँडमास्तर आठवतो?" ते म्हणाले. "मिशीवाला."

"हो. त्यांना घेरी आली होती आणि तुम्ही हाताला धरून डॉक्टरांकडे नेलंत. मी खिडकीतून बघितलं होतं. लग्नाआधी."

"घेरीबिरी काही नव्हती. ते खोटं आहे. आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही."

तिनं मान वर केली.

"तो आला होता गोंद घ्यायला. झटकन चिकटणारा. पुतळ्याचा हात तुटला होता, सेनापतीचा. म्हणाला, चिकटतो का दाखवा. मी दाखवला. म्हणाला, वा! आणि खूश होऊन माझ्याशी हात मिळवला." शेठनी आपला पंजा पुढे केला. "सुटेना. मी ओढतो, तो ओढतो. मधे सेनापती. त्याची तलवार माझ्या अंगठ्यात. मी म्हटलं, मास्तर, शांतपणे चला, लोकांना वाटलं पाहिजे की आपण दोस्त आहोत. म्हणून मग हातात हात घालून भर बाजारातून निघालो. आणि समोरून कोण यावं? तुझे वडील."

तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"तुझे वडील म्हणाले, काय जावईबापू, फिरायला? तोवर ठरलंही नव्हतं आपलं! आणि नमस्कारासाठी मी उजवा हात वर केला, तर मास्तरचा पण वर आला. दोघांचा मिळून एक नमस्कार. वर सेनापती."

खोलीत आधी नुसती खडखड झाली. शेठनी श्वास रोखला. मग नाकातून ते दांडगं घर्र आलं, आणि पंपाला पाणी लागलं. तीच होती. डोळे मिटून, खुर्चीचा हात बडवत, "अरे मेल्या!" म्हणत हसत होती. अरे म्हणाली. शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण त्यांची नजर तिच्या गळ्यावर होती.

उन्हात, त्यांच्या नाकासमोर, तिच्या गळ्याची कातडी एका जागी किंचित दबली. टोक टेकल्यासारखी. तिथे एक करडा ठिपका आला. ठिपका खाली सरकला, वाकला आणि उजवीकडे वळून सावकाश, हौसेनं लांबत गेला. शेपूट काढणाऱ्याला घाई नव्हती. धरणारा हात कुठेही नव्हता.

शेठनी रबर काढलं आणि पुसलं.

"अरे, गुदगुल्या होतात!" ती किंचाळली आणि दुप्पट हसली. तिथेच शेजारी कातडी पुन्हा दबली. शेठनी पुसलं. ती आणखी हसली. कानाखाली एक आली, ती पुसली. हनुवटीखाली आली, ती पुसली. जितकं पुसावं तितकी ती हसत होती, आणि जितकी हसत होती तितक्या लवकर पुढची उमटत होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मेहुणा कडी घातलेल्या दारावर थाप मारत "काय रे, आत सिनेमा लावलाय का?" म्हणून ओरडला.

किस्सा संपला होता. मास्तर, सेनापती, सासरे, सगळं सांगून झालं होतं. ती डोळे पुसत होती. उचकी यायला आली होती, आणि उचकी आली की हसणं संपतं, हे शेठना माहीत होतं. एखादी खूण न पुसता मागे राहिली तर सकाळी काय होतं, तेही.

"मग?" ती धापा टाकत म्हणाली. "मग काय झालं रे?"

"मग," शेठ म्हणाले. त्यांचा डावा हात तिच्या गळ्यावर होता, रबर तापलं होतं, आणि पुढे काय झालं याचा त्यांना काही पत्ता नव्हता. "मग डॉक्टर दार उघडतात, तर त्यांच्याही हाताला घोडा चिकटलेला."